हॅसलब्लाडचं नंतर बघू

अगं, पगारातून बाजूला काढून काढून तीस हजार साठवलेस, त्याचं आधी कौतुक. आता पुढचं ऐक आणि रुसू नकोस. एवढ्या पैशांत हॅसलब्लाड येत नाही. आणि जो कुणी तुला ‘मॅडम, तुमच्यासाठी तीसमध्ये करून देतो’ म्हणाला, त्याच्याकडचा तर बघायलाही जाऊ नकोस. त्या भावात मिळणाऱ्या हॅसलब्लाडला काहीतरी दुखणं असतंच. रोलच्या पेटीतून आत प्रकाश शिरत असतो, नाहीतर लेन्समधलं शटर अडकत असतं, नाहीतर लेन्सच नसते, नुसती बॉडी असते. मग एकेक भाग जमवत बसायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

हे खूळ कुठून शिरलं तेही मला ठाऊक आहे. माणसं चंद्रावर जो कॅमेरा घेऊन गेली, तो आपल्याकडे असावा असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटतं. पण तुला चंद्रावर जायचं नाहीये. तुला आजीचे, गल्लीतल्या माणसांचे, गावच्या जत्रेचे फोटो काढायचेत आणि ते दर महिन्याला काढायचेत. दर महिन्याला, हे विसरू नकोस, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. तीस हजार ही कॅमेऱ्याची किंमत नव्हे. कॅमेरा, त्याचं सर्व्हिसिंग आणि पहिल्या वर्षाचे रोल, सगळं मिळून तीस हजार.

कागदावरच मांडू. भाव सारखे हलतात, म्हणून नुसता अंदाज धर. रोल हजाराचा, धुलाई आणि स्कॅन सहाशे. झाले सोळाशे. सहा बाय सहाच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो बसतात, म्हणजे एकेक फोटो १३३ रुपयांना पडला. महिन्याला एकच रोल काढलास तरी वर्षाचे १९,२०० होतात. तिसातले उरले १०,८००. आता सांग, हॅसलब्लाड कुठे बसवतेस? ब्लॅक अँड व्हाइट काढून रोल घरी धुतलास तर खर्च बराच खाली येतो, आणि तू तो घरीच धुवायचा आहेस, त्याचं पुढे सांगते. ढोबळमानानं निम्मे पैसे कॅमेऱ्याला, निम्मे रोलला, असं धरून चल. ज्यांनी सगळे पैसे कॅमेऱ्यात घातले, त्यांचे कॅमेरे आज शोकेसमध्ये आहेत.

कोणत्या मापाचा घ्यायचा, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. मीडियम फॉरमॅटसाठी लागतो १२० नंबरचा रोल. कोडॅकनं तो १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि आजही त्याच रुंदीचा, पाठीला कागद लावलेला मिळतो. रोल एकच, पण कॅमेऱ्याप्रमाणे फ्रेम वेगळी पडते. सहा बाय साडेचारचे पंधरा-सोळा फोटो, सहा बाय सहाचे बारा, सहा बाय सातचे दहा आणि सहा बाय नऊचे आठच. म्हणजे वरच्याच हिशेबानं सहा बाय नऊचा एकेक फोटो दोनशेला. तुला सहा बाय सहा पुरे. नेहमीच्या ३५ एमएमच्या फ्रेममध्ये ८६४ चौरस मिलिमीटर फिल्म असते. सहा बाय सहाचा चौकोन प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटरचा असतो, तरी ३१३६ भरतात. साडेतीन पटींच्या वर. भिंतीवर दीड-दोन फुटांची प्रिंट लावलीस तरी आजीच्या गालावर फिल्मचे दाणे दिसणार नाहीत, सुरकुत्याच दिसतील. शिवाय फ्रेम चौकोनी, त्यामुळे कॅमेरा आडवा धरू की उभा, हा घोळच नाही.

एक सांगू? पैसे खर्चण्याआधी घरातलं कपाट उपस. आपल्याकडे कितीतरी घरांत आग्फाचा क्लिक थ्री असायचा, बडोद्याला तयार व्हायचा तो. काळा, हलका डबा. तोही याच १२० च्या रोलवर चालतो आणि बारा चौकोनी फोटो देतो. त्या काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल मिळायचे. ती कंपनी बंद पडली आणि आता सगळे रोल बाहेरून येतात. क्लिक थ्रीची लेन्स साधी, फोकस नाही, शटर मंद. म्हणून त्यात १०० स्पीडचाच रोल घाल आणि उन्हात फोटो काढ. एका रोलमध्ये तुला कळेल की बारा फोटो जपून काढण्यात मजा येते की जीव कासावीस होतो. कासावीस होत असेल तर तीस हजार वाचले.

मजा आली तर मात्र पुढे वाच. माझं मत एकदाच आणि ठाम सांगते. दोन लेन्सवाला यशिका घे. एकावर एक दोन डोळे असलेला, टोपण उघडून वरून खाली बघायचा तो, ट्विन लेन्स. वरच्या लेन्समधून तू बघतेस, खालच्या लेन्समधून फोटो निघतो. वरच्या लेन्सच्या मागे तिरका आरसा आणि त्याच्यावर दुधी काच. काचेवर चित्र उभं सरळ असतं, पण डावं-उजवं उलटं. सुरुवातीला माणूस डावीकडे सरकला की तू कॅमेरा भलतीकडेच फिरवशील. हाताला सवय होईपर्यंत चिडचिड होते, मग होत नाही. फोटो निघताना आरसा हलत नाही, त्यामुळे दणका नाही, मोठा आवाज नाही. श्वास रोखून धरलास तर १/३० वरही फोटो स्वच्छ येतो. आणि कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातलेली बाई पाहून समोरचं माणूस अवघडत नाही. मोठ्ठी लेन्स डोळ्याला लावून कुणाच्या तोंडावर रोखून बघ, मग फरक कळेल. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत नेत्यांच्या आणि पाहुण्यांच्या गर्दीत रोलायफ्लेक्स घेऊन वावरायच्या. तोही याच जातीचा.

रोलायफ्लेक्स म्हणजे या जातीचा मूळपुरुष, १९२९ सालचा, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावचा. चांगल्या स्थितीतला रोलायफ्लेक्स आज हॅसलब्लाडच्याच पंगतीला बसतो, म्हणून तोही सोड. त्याचा धाकटा भाऊ रोलायकॉर्ड. तो कमी भावात आणि धड स्थितीत मिळाला तर मी हरकत घेणार नाही.

यशिकाचीच मॉडेल इतकी आहेत की विकणारेही गोंधळतात. तुझ्या कामाची तीन. यशिका-डीमध्ये नॉब फिरवून रोल पुढे न्यायचा आणि शटर वेगळ्या खिट्टीनं ताणायचं. यशिका-मॅट १९५७ पासूनचा. त्यात बाजूचं हँडल फिरवलं की रोलही सरकतो आणि शटरही ताणलं जातं. तिसरा मॅट १२४जी, १९७० ते १९८६ या काळातला, त्यात लाइट मीटर बसवलेला. मॅटची लेन्स चार भिंगांची, डीची बहुतेक वेळा तीन भिंगांची. फरक दिसतो तो लेन्स पूर्ण उघडली तर, तोही कडांना. एफ ८ ला आणलंस की तुला-मला ओळखता येणार नाही.

सगळ्यांना १२४जी हवा असतो, म्हणून त्याचा भाव चढा. हे जादा पैसे कशाचे, तर मीटरचे. तो मीटर पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी आता बनत नाही. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची बॅटरी घालून लोक काम भागवतात, पण एवढ्या जुन्या मीटरवर किती विसंबायचं? फोनवर लाइट मीटरचं ॲप फुकट मिळतं. म्हणून मीटर मेलेला १२४जी स्वस्तात मिळाला तर आनंदानं घे. त्याच्या नावातला १२४ म्हणजे बारा आणि चोवीस. चोवीस फोटोंचा २२० नंबरचा रोलही त्यात चालायचा, पण तो रोल आता जवळपास दिसेनासा झाला आहे. म्हणून मागचं झाकण उघडलंस की आतली पट्टी बारावर आहे ना, तेवढं बघ. मीटर नको असेल तर साधा मॅट, आणि मॅट परवडला नाही तर डी. माझ्या मते डीसुद्धा कमी नाही, उलट त्यात बिघडायला कमी गोष्टी आहेत.

६३५ नावाचाही एक यशिका दिसेल. त्यात ३५ एमएमचा रोल बसवायची सोय होती. त्याचे सुटे भाग बहुतेक वेळा हरवलेले असतात, त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नकोस. मिनोल्टा ऑटोकॉर्ड फार गुणी, काहींच्या मते यशिकाहूनही सरस. पण त्याची फोकसची खिट्टी लेन्सच्या खाली असते, आतलं ग्रीस वाळलं की ती घट्ट होते, आणि कुणी जोर लावला की तुटते. ती लोण्यासारखी फिरत असेल तरच घे. लुबिटेल स्वस्त असतो, पण त्याच्या वरच्या काचेत फक्त मधला छोटासा ठिपका दुधी असतो, बाकी सगळं नुसतं लख्ख दिसतं. फोकस जुळलाय की नाही, हे त्या ठिपक्यावरून ओळखायचं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. चिनी सीगल कधी छान निघतो, कधी निघत नाही. तुझ्या पहिल्याच कॅमेऱ्याला हा जुगार नको. मामिया सी२२० आणि सी३३० यांची लेन्स बदलता येते आणि भात्यामुळे अगदी जवळचाही फोटो निघतो. पण सी३३० लेन्ससकट दीड किलोच्या वर जातो. जत्रेत दिवसभर गळ्यात घालून फिर आणि मग मला मानेबद्दल सांग.

आता तुझ्या त्या मित्राचा सल्ला. तो म्हणतो एसएलआर घे, ब्रोनिका ईटीआरएस नाहीतर मामिया ६४५. वाईट नाहीत गं, फोटो सुरेख येतात. पण दोघांचंही शटर बॅटरी आणि सर्किटच्या जिवावर चालतं. ब्रोनिकात बॅटरी संपली तर फक्त १/५०० एवढंच उरतं. आणि सर्किट गेलं तर आपल्याकडे कुणी ते जोडून देईल असं समजू नकोस, दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून बसवावं लागतं. यशिका म्हणजे स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि खिट्ट्या. हाताला सवय असलेला कुठलाही जुना मेकॅनिक तो उघडतो आणि परत मिटवतो. कॅमेरा घेताना एक प्रश्न स्वतःला विचार. हा बिघडला तर माझ्या शहरात कुणाकडे नेऊ? नाव सुचलं नाही तर घेऊ नकोस.

मामिया आरबी६७ पूर्ण यांत्रिक आहे, रुबाबदार आहे, पण लेन्ससह अडीच किलोच्या वर. तो स्टुडिओतल्या ट्रायपॉडवर शोभतो. किएव्ह आणि पेंटाकॉन सिक्सच्या फ्रेम एकमेकींवर चढतात, त्या वाटेला जाऊ नकोस. होल्गा प्लास्टिकचा, गमतीचा. त्यातले फोटो धूसर येतात, कडा काळवंडतात, काहींना तेच आवडतं. तुला आजीचा चेहरा हवाय.

घडीचे कॅमेरे मात्र मोहात पाडतील. आग्फा आयसोलेट, झाइस आयकॉनचा नेटार. मिटवला की पर्समध्ये मावतो. त्यातल्या बहुतेकांत अंतर डोळ्यांनी मापून आकडा लावायचा असतो, ते जमतं. भानगड आहे ती भात्याची. त्याच्या कोपऱ्यांना बारीक भोकं पडतात आणि प्रत्येक फोटोवर पांढरे डाग येतात. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरायचा आणि बाहेरून बघायचं, चांदण्या दिसल्या तर ठेवून द्यायचा. आग्फाचे भाते याबाबतीत बदनाम आहेत.

समजा दुकानात यशिका-मॅट तुझ्यासमोर ठेवला. काय करशील? बाहेरून चकचकीत आहे म्हणून हुरळू नकोस, लेदर उचकटलंय म्हणून नाकही मुरडू नकोस. आधी विचार, आत रोल नाही ना. मग मागचं झाकण उघड. वेग १ सेकंदावर ठेव, शटर ताण आणि दाब. आतून एक लांब, एकसुरी घरघर यायला हवी आणि शेवटी टक् असा आवाज. घरघर मध्येच रेंगाळली, थांबली, किंवा शटर उघडंच राहिलं, तर आतलं वंगण वाळलंय. मग अर्धा सेकंद, १/४, १/८ असं करत वर जा. १/३० च्या पुढचे वेग ठीक असतील तर कॅमेरा टाकाऊ नाही, सर्व्हिसिंगनं सुधारतो, पण तो खर्च भावातून कापून माग. ‘व्ही’ लिहिलेल्या खिट्टीला, म्हणजे सेल्फ टायमरला, अजिबात हात लावू नकोस. जुन्या शटरमध्ये तो अडकला की सगळंच अडकतं, आणि दुकानदार म्हणेल तुम्हीच बिघडवला.

मग वेग ‘बी’वर ठेवून, लेन्स पूर्ण उघडून, बटण दाबून धर आणि खालच्या लेन्समधून फोनचा टॉर्च तिरका मार. धूळ दिसेल, ती दिसू दे. धुळीनं काही होत नाही. बघायची ती बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू भिंगाच्या कडेपासून आत पसरलेले असतात. आमच्या मुंबईच्या आणि कोकणाच्या हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास सापडते. वरच्या लेन्सला बुरशी असेल तर चालवून घे, ती नुसती बघायची लेन्स. खालच्या लेन्सला असेल तर नको, विक्रेता ‘साफ होते मॅडम’ म्हणाला तरी नको. साफ होतेही कधीकधी, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलंय का, हे साफ केल्यावरच कळतं. भिंगावर धुरकट पडदा असेल तर तोही सोड, फोटो फिके येतात.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा बहुतेक लोक करतच नाहीत. दोन्ही लेन्स एकाच अंतरावर फोकस होतात की नाही? कॅमेरा कधी पडला असेल तर वरची एक सांगते आणि खालची दुसरंच दाखवते. ट्रेसिंग पेपरचा तुकडा कापून, जिथे फिल्म बसते त्या दोन रुळांवर ताणून चिकटव. शटर ‘बी’वर उघडं धर. केबल रिलीज असेल तर बरं, नाहीतर दुकानातल्या पोऱ्याला बटण दाबून धरायला सांग. आता दूरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी वरच्या दुधी काचेत स्पष्ट कर आणि मग मागे ट्रेसिंग पेपरवर बघ. तिथेही टाकी तितकीच स्पष्ट हवी. चित्र उलटं दिसेल, ते तसंच असतं. अशी परीक्षा करू लागलीस की दुकानदाराचा बोलण्याचा सूरच बदलतो, हा त्यातला वरचा फायदा. नाहीतर पोरगी दिसली की ‘घरी शोपीस ठेवायचाय का?’ इथपासून सुरुवात होते.

वरची काच अंधारी वाटली तर घाबरू नकोस. आतला आरसा मळलेला असतो. पण तो रुमालानं पुसायचा नाही. त्याची चांदी काचेच्या वरच्या बाजूला असते आणि पुसली की निघून येते. ते काम मेकॅनिकचं. शेवटी एक रिकामा स्पूल आहे ना ते बघ, कारण फोटो काढलेला रोल त्यावरच गुंडाळला जातो. तो नसला तर नवा रोल हातात असूनही तू नुसती बसून राहशील.

कुठे शोधशील? मुंबईत फोर्टातला बोरा बझार, सीएसएमटीपासून चालत जाता येतं. तिथे कॅमेऱ्यांची दुकानं आणि दुरुस्तीवाले दोन्ही आहेत, म्हणून सुरुवात तिथेच कर. चोर बाजारातले बरेचसे कॅमेरे शोभेचे, त्यातल्या एखाद्यात जीव असतो, पण तो ओळखायला आधी डोळा तयार हवा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथेही तेच. खरं तर सगळ्यात चांगले कॅमेरे बाजारात येतच नाहीत. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर असतात. आपल्या तालुक्याच्या गावात लग्नाचे फोटो काढणारे जे जुने फोटोग्राफर आहेत, त्यांच्या घरी जा, चहा घे, नीट बोल. भाव करताना त्यांच्या हयातभराच्या साथीदाराला ‘जुनाट’ म्हणू नकोस.

जपानमधून ऑनलाइन मागवायचा असेल तर तिथली भाषा समजून घे. ‘एक्सलंट’ म्हणजे उत्तम नव्हे, म्हणजे बरा. त्याच्यापुढे अधिकची पाच चिन्हं लावली असली तरी खालची बारीक अक्षरं वाच. ‘किंचित बुरशी, फोटोवर परिणाम नाही’ हे तिथेच दडलेलं असतं. ‘अनटेस्टेड’ लिहिलं असेल तर तपासून, बिघडलेला निघाला म्हणून तसं लिहिलंय असं समजायचं. वर कुरिअर, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धर. स्वस्त दिसलेला कॅमेरा घरी येईपर्यंत स्वस्त राहत नाही. आत्याचा मुलगा न्यू जर्सीहून येणार असेल तर त्याला रोल आणायला सांग, पण ते हातातल्या बॅगेत ठेवायला आणि विमानतळावर नव्या सीटी स्कॅनरमधून न घालता हातानं तपासायला सांग म्हणावं. त्या मशीनमधून गेलेला रोल धुरकटतो.

कॅमेरा घेतलास की आधी मेकॅनिककडे. वेग तपासून, वंगण बदलून, आरसा पुसून आणायचा. मग घरी आणल्यावर त्या सुंदर चामड्याच्या पेटीत ठेवू नकोस. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला आणखी काय हवं? घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि जमलं तर छोटं आर्द्रता मापक, काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान राहिला की झालं. पावसाळ्यात महिना महिना डबा न उघडणं हाही अपराधच. बाहेर काढ, शटर सगळ्या वेगांवर चालव, हवा लागू दे.

रोलचं थोडक्यात. पहिले काही रोल ब्लॅक अँड व्हाइट, ४०० स्पीडचे. इलफर्डचा एचपी५ चुका पोटात घालतो. चेक देशातल्या फोमाचा रोल मिळाला तर त्याहून स्वस्त पडतो. रंगीतच हवा असेल तर कोडॅकचा गोल्ड २००, तो २०२२ पासून १२० मध्येही येतो आणि त्यांच्याच पोर्ट्रापेक्षा कमी पैशांत. पण एक लक्षात घे. यशिकाचा सगळ्यात जलद वेग १/५००. आपल्या एप्रिलच्या दुपारी ४०० च्या रोलला १/५०० वर एफ १६ लागतो. मागचं धूसर करायला लेन्स उघडायची म्हटलीस तर उघडताच येणार नाही. तसले फोटो हवे असतील तर १०० चा रोल घाल, नाहीतर सकाळी लवकर ऊठ. रोल नेहमी सावलीत भरायचा आणि संपला की घट्ट गुंडाळून कागदी पट्टी चिकटवायची. सैल राहिला तर कडेनं प्रकाश आत जातो.

आणि हो, धुलाई. टँक, चेंजिंग बॅग, थर्मामीटर, डेव्हलपर, फिक्सर. डेव्हलपर-फिक्सर सोडले तर एकदाच खर्च, आणि बाथरूम पुरतं. डेव्हलपर वीस अंशांवर हवा आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तिशीच्या वर असतं, म्हणून बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवायच्या. खरी परीक्षा चेंजिंग बॅगेत. न बघता, हातांनी चाचपत, फिल्म कागदापासून सोडवायची आणि टँकच्या स्पायरलमध्ये सरकवायची. मुंबईच्या उकाड्यात आत हात घामेजतात, आणि घाम लागलेली फिल्म सरकत नाही, मध्येच रुतते. म्हणून हे काम रात्री, पंख्याखाली, हात कोरडे करून. एखादा मुदत संपलेला रोल घेऊन उजेडात आणि मग डोळे मिटून सराव कर. पावसाळ्यात निगेटिव्ह वाळायला वेळ लागतो, रात्रभर बाथरूममध्ये टांगून ठेव आणि घरच्यांना आत फिरकू देऊ नकोस. त्यावरून थोडी बोलणी बसतील, ती खाऊन घे.

आईला मी समजावते. तिला वाटतंय तू फोनात कॅमेरा असताना उधळपट्टी करतेस. तिला वर्षाचा हिशेब सांगू नकोस, पहिली प्रिंट दाखव.

तर शनिवारी बोरा बझारला जा. टॉर्चवाला फोन पूर्ण चार्ज कर, ट्रेसिंग पेपर, चिकटपट्टी आणि रिकामा स्पूल पर्समध्ये टाक. मॅट बघ, नसला तर डी बघ, आणि पैसे देण्याआधी मला व्हिडिओ कॉल कर.